गाडी बदलली, शरीर तेच!

नाशिक हे मोटारींचे शहर आहे. सातपूर-अंबड परिसरात महिंद्राच्या गाड्या तयार होतात, बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनतात, सिएटचे टायरही इथेच बनतात. अनेक घरांतले कुणी ना कुणी या कारखान्यांत काम केलेले असते, त्यामुळे गाडीच्या पोटात काय असते याचे कुतूहल इथल्या मुलांना लवकर लागते. राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्याही नाशिकच्या आसपासच्या रस्त्यांवर झाल्या आहेत. शोरूममधून आणलेली गाडी आपल्या मनासारखी 'तयार' करून घेण्याची हौस म्हणूनच इथे नवी नाही.

पूर्वी ही हौस स्टिकर आणि हॉर्नवर भागत असे. आता बाजारात इंजिनाच्या संगणकाचे रीमॅपिंग, मोकळा एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, रुंद रिम, रेसिंग सीट, चार पदरी पट्टे असे सगळे मिळते. जुन्या हॅचबॅकपासून महागड्या स्पोर्ट्स कारपर्यंत प्रत्येकीसाठी माल आहे. त्यातून अश्वशक्ती किती वाढेल हे विक्रेता सांगतो. आत बसणाऱ्याच्या कानांचे, फुप्फुसांचे, मानेचे आणि मणक्याचे काय होईल, हे मात्र कुठल्याच पाकिटावर छापलेले नसते.

रॅलीतून अर्धेच उचलले जाते

ज्या स्पर्धांवरून ही हौस आली, त्यांच्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. रॅलीच्या गाडीत ताकद वाढवणारे जेवढे भाग असतात, त्यांच्या जोडीला चालकाचे शरीर सांभाळणारी व्यवस्थाही असते. इंजिन जोरकस केले म्हणून आत पोलादी नळ्यांचा पिंजरा येतो. पिंजरा आला म्हणून डोक्यावर हेल्मेट येते. हेल्मेटचे वजन मानेवर येते म्हणून मान धरून ठेवणारे साधन येते. आगीची शक्यता असते म्हणून न पेटणारे कपडे आणि अग्निशामक येतात. गाडीत कान बधिर करणारा आवाज असतो, म्हणून चालक आणि सहचालक हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर बोलतात. शर्यतीच्या टप्प्यात रस्ता बंद असतो आणि रुग्णवाहिका, डॉक्टर तयार असतात. तीच गाडी एका टप्प्याकडून दुसऱ्या टप्प्याकडे खुल्या रस्त्याने जाते तेव्हा तिला इतरांसारखेच वाहतुकीचे नियम पाळावे लागतात.

कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर उतरते ती या व्यवस्थेची पहिली अर्धी बाजू. ताकद येते, आवाज येतो. शरीराची राखण करणारी दुसरी बाजू गॅरेजमध्येच राहते. वैद्यकीय दृष्टीने सगळा धोका या अर्ध्या उचलण्यात आहे.

कानातले केस पुन्हा उगवत नाहीत

सर्वांत लोकप्रिय बदल म्हणजे एक्झॉस्ट. मूळ सायलेन्सर काढून मोकळी नळी बसवली की गाडी 'गुरगुरते'. आवाजामुळे गाडी आहे त्यापेक्षा वेगवान वाटते. ताकदीत पडणारी भर बहुधा थोडीच असते.

आपल्या प्रत्येक कानात, शंखाच्या आकाराच्या अवयवात, सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. आवाज मोठा आणि दीर्घ असेल तर त्या थकतात, मग मोडतात. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा तयार होतात. माणसात होत नाहीत. गेली ती गेलीच.

डेसिबलचे गणितही फसवे आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, पण कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखाच वाटतो. म्हणजे इजा ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने त्रास जाणवत नाही. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी वापरला जाणारा एक सर्वमान्य हिशोब असा आहे : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसता येतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. मोकळ्या एक्झॉस्टच्या गाडीत काचा खाली करून, वर संगीत लावून नाशिकहून मुंबईला जाणारा तरुण हा हिशोब घाटात उतरण्यापूर्वीच संपवू शकतो.

अलीकडे ॲक्सिलरेटर सोडताच एक्झॉस्टमधून फटाक्यासारखे बार काढणारे रीमॅपिंगही केले जाते. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक चिमुकला स्नायू आकसतो आणि आतल्या कानाला थोडे संरक्षण देतो. पण त्याला पूर्ण आकसायला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ लागतो. तोवर बार होऊन गेलेला असतो. दार उघडण्याआधीच पाहुणा आत शिरावा, तसे होते.

गाडीतून उतरल्यावर कानात कुईं असा आवाज येणे, कान भरल्यासारखे वाटणे हा पहिला इशारा. काही तासांत बरे वाटते म्हणून तो दुर्लक्षिला जातो. वारंवार असे झाले तर श्रवण चाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसू लागतो. सुरुवातीला माणसाला ऐकू कमी येत नाही. ऐकलेले कळत नाही. स, श, फ अशी बारीक अक्षरे गळतात, गर्दीत समोरच्याला पुन्हा विचारावे लागते. विशी-तिशीत पडलेला हा खड्डा वयाबरोबर रुंदावतो.

ज्याने गाडी घेतली नाही, त्याचेही हृदय

आवाज फक्त मालकाचा राहत नाही. रात्री साडेअकराला सोसायटीखालून गुरगुरत गेलेली गाडी वरच्या मजल्यांवरच्या किती झोपा चाळवते, याची गणती कुणी करत नाही. झोपेत कान बंद नसतात. माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरके स्रवतात. हे रोज घडले की त्याचा हिशोब हृदयाच्या खात्यावर मांडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज दिवसरात्रीच्या सरासरीने ५३ डेसिबलच्या आणि रात्री ४५ डेसिबलच्या खाली असावा असे सुचवले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार आणि वाहतुकीचा आवाज यांचा संबंधही त्यात नोंदला आहे.

आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरला जातो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय आहे. तिथल्या खाटेवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण असतो, शेजारच्या कक्षात नवजात बाळ असते. रस्त्यावरच्या बाराला त्यांच्याकडे काहीच उत्तर नसते.

कॅट काढले की काय सुटते

एक्झॉस्ट बदलताना अनेकदा 'कॅट' म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकले जाते. हा मधमाशांच्या पोळ्यासारखा जाळीदार डबा असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा मुलामा असतो. इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तो बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा वेगळा फिल्टर असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांमागे या डब्यांचाच मोठा वाटा आहे. इंजिनाला 'मोकळा श्वास' मिळावा म्हणून ते काढले, की तो श्वास दुसऱ्यांच्या छातीतून वसूल होतो.

डिझेलचा धूर फुप्फुसाचा कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. रीमॅपिंग करताना हवेच्या मानाने जास्त डिझेल सोडले की मागून काळा लोट निघतो. काहींना तो ताकदीचा पुरावा वाटतो. प्रत्यक्षात ते न जळलेले डिझेल असते, म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली आणि वाया गेलेली ताकद. त्यातले सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहून बारीक असतात आणि थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हवा सुधारण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ज्या शहरांना घ्यावे लागले, त्यांत नाशिकचे नाव आहे, हे विसरता येत नाही.

मालकालाही यात सूट नाही. घाईने जोडलेल्या एक्झॉस्टचा सांधा किंवा गॅस्केट गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही लक्षणे असतात आणि प्रवासाचा शीण समजून ती सोडून दिली जातात. एक गोष्ट तर घरोघरी माहीत असायला हवी : बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसतो. त्याला ऑक्सिजनने भरलेले आणि या विषारी वायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, आणि तो ९८ टक्के असा निर्धास्त आकडा दाखवू शकतो. गाडीत बसलेल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर काचा उघडाव्यात, गाडी थांबवून बाहेर यावे आणि रुग्णालय गाठून धुराचा संशय डॉक्टरांना स्पष्ट सांगावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा-दीड तास. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून 'आवाज ऐकणे' तर सर्वस्वी टाळावे.

मान, डोके आणि पट्टा

माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार किलोच्या आसपास असते. अपघातात गाडी गुरुत्वाच्या ३० पट जोराने थांबली, तर त्या क्षणी मानेला ते १३५ किलोचे वाटते. दीड किलोचे हेल्मेट धरले तर १८० किलोचे. शर्यतीच्या पट्ट्यांनी खांदे सीटला जखडलेले असतात, डोके मात्र पुढे जाते आणि कवटीचा तळ फुटतो. अमेरिकेत १९८१ मध्ये एका मित्राचा असा मृत्यू पाहिलेल्या जिम डाउनिंग या शर्यतपटूने आपले मेहुणे, मिशिगन स्टेट विद्यापीठात जैवयांत्रिकीचे प्राध्यापक असलेले रॉबर्ट हबर्ड यांच्याकडे हा प्रश्न नेला. हबर्ड यांनी खांद्यावर बसणारी आणि हेल्मेटला दोऱ्यांनी जोडलेली 'हॅन्स' ही कॉलर बनवली. शर्यतपटूंनी ती बरीच वर्षे गैरसोयीची म्हणून टाळली. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा नामवंत चालक कवटीचा तळ फुटून गेला, तेव्हा डोळे उघडले. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची आहे.

रस्त्यावरच्या गाडीत चार किंवा सहा पदरी पट्टे बसवणारा यांतले फक्त पट्टे घेतो, हॅन्स घेत नाही. मूळचा तीन पदरी पट्टा १९५९ मध्ये व्होल्व्हो कंपनीच्या नील्स बोलीन यांनी तयार केला. तो छातीला थोडे पुढे जाऊ देतो आणि पुढे एअरबॅग तिला झेलते. दोघांची वेळ जुळवलेली असते. एअरबॅग सेकंदाच्या साधारण तिसाव्या हिश्श्यात फुगते, डोळ्याची पापणी मिटण्याच्याही आधी. देखणे छोटे स्टिअरिंग बसवले की चालकाची एअरबॅगच जाते. सीटवर जाड कव्हर चढवले तर सीटच्या कुशीतली एअरबॅग अडकू शकते. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावला तर धक्का सेन्सरपर्यंत ठरल्या रीतीने पोहोचत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या त्या याचसाठी आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी. पोलादी पिंजरा हेल्मेटधारी चालकाला वाचवतो. हेल्मेट नसलेल्याच्या डोक्यापासून काही इंचांवर मात्र ती पोलादाची नळीच असते.

खाली बसलेली गाडी, वर आलेली पाठदुखी

गाडी खाली घेऊन स्प्रिंगा कडक केल्या की वळणावर ती कमी झुकते, हे खरे. पण कंपनीचे मऊ सस्पेन्शन हे पाठीसाठीचे कुशन असते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देतो. झोका योग्य वेळी ढकलला की उंच जातो, तसे. ही कंपने रोज तासनतास मिळाली की पाठीचे स्नायू थकतात आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर भार येतो. नाशिकचे गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे यांची भर वेगळी. मुलाच्या अशा गाडीत मागे बसलेल्या आजीची हाडे ठिसूळ असतील, तर एका चुकलेल्या गतिरोधकाने तिचा मणका दबून मोडू शकतो. गर्भवतीलाही असे धक्के टाळावेत असाच सल्ला असतो.

मेंदूचे रीमॅपिंग होत नाही

अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सजग माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदात ती २२ मीटर जाते, १२० ला ३३ मीटर आणि १६० ला ४४ मीटर. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते : वेग दुप्पट, तर अंतर चौपट. इंजिनात पन्नास अश्वशक्ती वाढवता येते; मज्जातंतूंत एक क्षणही कमी करता येत नाही. उलट जागरण, मद्य, मोबाइल आणि समृद्धीसारख्या सरळ महामार्गावरचा एकसुरीपणा तो क्षण लांबवतात. समृद्धीवर मोटारींसाठी १२० ची मर्यादा आहे, तिच्यामागे हा मेंदूचा हिशोबही आहे.

खर्च करायचाच असेल तर तो कुठे करावा, याचे उत्तरही यातच आहे. गाडी आणि रस्ता यांचा संबंध चार तळहातांएवढ्या रबरापुरता असतो. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला ते लिहिलेले असते. वेगमर्यादेचे अक्षरही तिथेच असते, उदाहरणार्थ टी म्हणजे ताशी १९० आणि एच म्हणजे २१०. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते. नवे डॉट ४ तेल २३० अंशांना उकळते, पाणी मुरलेले १५५ च्या आसपास. कसारा किंवा सप्तशृंगीचा घाट उतरताना ते उकळले तर पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. उत्तम टायर, ताजे तेल आणि चांगले ब्रेक पॅड हे बदल कुणाला ऐकू जात नाहीत, म्हणून मिरवता येत नाहीत. जीव वाचवतात ते मात्र हेच.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धूर यांच्या मर्यादा मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना तीन महिने रद्द होण्याची तरतूद आहे. मुंबई, पुणे, नागपूर इथे जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो, हेही ध्यानात असावे.

हौस असेल तर एवढे पाळा

• सायलेन्सर, कॅट आणि डिझेलचा फिल्टर यांना हात लावू नका.
• पहिला खर्च टायर आणि ब्रेकवर करा. रिम-टायर कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापाचेच घ्या.
• एअरबॅग, तीन पदरी पट्टा आणि मूळ स्टिअरिंग यांत बदल नको. मागच्या सीटवरही पट्टा लावा.
• प्रवासानंतर कानात आवाज येत असेल आणि तो दुसऱ्या दिवशीही टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवण चाचणी करून घ्या. ऐकू येणे अचानक कमी झाले तर त्याच दिवशी जा. उपचाराचे पहिले दिवस मोलाचे असतात.
• गाडीत डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी वारंवार जाणवली तर एक्झॉस्टची गळती तपासा.
• वेगाचीच ओढ असेल तर मान्यताप्राप्त क्लबच्या स्पर्धेत किंवा ट्रॅकवर उतरा. तिथे हेल्मेट, हॅन्स, पिंजरा आणि रुग्णवाहिका हे सगळे एकत्र मिळते.

गाडीचा सुटा भाग चुकला तर बदलून मिळतो, जुना माल विकताही येतो. कानातली केसपेशी आणि मानेतली मज्जारज्जू यांचे सुटे भाग सातपूरच काय, जगातल्या कुठल्याच कारखान्यात बनत नाहीत.